मीटरवरील अंधार

मोटारींतील दिव्यांविषयीं या सदरांत आम्हीं आजवर कांहीं लिहिलें नव्हतें. तो विषय मिस्त्रींचा, गृहस्थांचा नव्हे, अशी आमची समजूत होती. ती समजूत गेल्या भाद्रपदांत केळघरच्या घाटांत पार उतरली. तो प्रकार सांगतांना थोडी लाज वाटते. कारण जो दोष आम्ही कित्येक महिने डोळ्यांसमोर पाहत होतों तो ओळखला आमच्या थोरल्या वहिनींनीं, आणि ज्या दुसऱ्या दोषानें गाडीचें इंजिनच हातचें जावयाचें तो तर कोणालाच दिसत नव्हता.

आमचें मूळ घर मेढ्यास. जावळी तालुक्याचें हें मुख्य ठिकाण वेण्णेच्या कांठीं वसलें आहे, आणि साताऱ्याहून महाबळेश्वरास जाणारा एक रस्ता येथून पुढें केळघरचा घाट चढून वर जातो. महाबळेश्वरीं वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. त्याचा सगळा वांटा आम्हांस मिळत नसला तरी जो मिळतो तो पुरेसा आहे. आषाढ लागला कीं बरणींतील मिठास पाणी सुटतें, पापडांस बुरशी येते, कपाटांतील पुस्तकें फुगतात. अशा हवेंत पडवीलगतच्या पत्र्याच्या छपराखालीं आमची प्रीमियर पद्मिनी वर्षाचे आठ महिने उभी असते. मुलें पुण्यास, आम्ही साताऱ्यास. दादा आणि वहिनी तेवढीं मेढ्यास राहतात. गणपति, गौरी, दसरा आणि मे महिना एवढ्याच वेळीं घर भरतें आणि गाडी बाहेर निघते.

ही गाडी आमच्या तीर्थरूपांनीं १९८६ सालीं घेतली. त्या काळीं नांव नोंदवून वाट पाहावी लागे, आणि गाडी दारांत आली तेव्हां आईनें तिची पूजा नव्या सुनेच्या गृहप्रवेशाच्या थाटानें केली होती. कुर्ल्याच्या ज्या कारखान्यांत ती घडली तो कारखाना सोलापुरांत जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीचा. इटलीच्या फियाट कंपनीच्या ११०० जातीची गाडी तेथून १९६४ पासून ‘डिलाइट’ या नांवानें निघूं लागली, आणि १९७४ पासून तीच ‘पद्मिनी’ झाली. शतक सरतां सरतां तिचें उत्पादन थांबलें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ती पुढेंही वीस वर्षें तग धरून राहिली. २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस तोही अवतार संपला. तेव्हां आमच्या घरीं जें कांहीं बिघडलें त्याचा बोल कारखान्यास लावणें अन्यायाचें होईल. चाळीस वर्षांचें वय आणि मेढ्याचा पाऊस यांपुढें पितळेची समईही काळी पडते, मग तांब्याच्या बारीक तारांची काय कथा?

दोष एकाएकीं आला नाहीं. दोन-तीन वर्षांपासून मीटरचे दिवे, म्हणजे वेगमापकाच्या आणि पेट्रोलच्या कांट्यामागें जो मंद उजेड असतो तो, अधिकाधिक मंद होत चालला होता. दादांचें मत कीं आपली दृष्टि अधू झाली; पुतण्याचें मत कीं गाडी म्हातारी झाली. आम्ही दोघांनाही संमति देऊन मोकळे होत होतों. मागल्या वर्षीं एका मिस्त्रीनें मीटरमध्यें मूळच्यापेक्षां मोठ्या शक्तीचे बल्ब बसवून दिले. कांहीं दिवस उजेड बरा वाटला. मग मीटरची पांढरी तबकडी एका कोपऱ्यांत पिंगट पडूं लागली. पुढें एकदां फ्यूज गेला. तो कां गेला हें कोणी विचारलें नाहीं. जळालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटांतील चांदीचा कागद गुंडाळून मिस्त्रींनीं तो परत जागेवर बसविला, आणि दिवे लागले म्हणून आम्हीं त्यांचे आभार मानले. त्यांचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. असे उपाय करणारे गांवोगांव आहेत, आणि घरच्या विजेच्या फ्यूजमध्यें जाड तार घालणारे आपण सारे त्यांचेच भाऊबंद.

गौरी बसल्या त्या दिवशीं महाबळेश्वरास एका आप्तांकडे हळदीकुंकू होतें. परततांना संध्याकाळ झाली. घाटाच्या माथ्यावर धुकें एवढें कीं पुढील दिव्यांचा प्रकाश परत आपल्याच डोळ्यांवर यावा. पुतण्या गाडी चालवीत होता. दादा त्याच्या शेजारीं. मागें वहिनी, आम्ही, आणि वहिनींच्या मांडीवर निजलेली चार वर्षांची नात. अर्धा घाट उतरलों असूं नसूं तोंच मीटर अजीबात काळें झालें. पुढील दिवे चालू होते, म्हणून कोणास फारशी चिंता वाटली नाहीं. वेग दिसत नाहीं तर हळू जाऊं, एवढाच विचार केला.

पाठीमागून एस. टी. येत होती. तिनें भोंगा वाजविला, पुन्हा वाजविला, आणि केळघरास पोंचल्यावर आमच्या बाजूस येऊन ती थांबली. ड्रायव्हर खालीं उतरून पुतण्याला म्हणाला, “दादा, तुमच्या गाडीला मागं दिवाच न्हाई. वळणावर अगदी जवळ आल्यावर दिसली. आणखी वेगात असतो तर वर चढलो असतो.”

कांहीं क्षण कोणी बोललें नाहीं. वहिनींनीं नातीच्या अंगावरील शाल उगाचच सारखी केली. मग त्या भल्या माणसानें स्वतःच सुचविलें कीं, “तुम्ही पुढं व्हा, मी मागं राहतो.” आणि मेढ्याच्या स्थानकापर्यंत त्यानें आपली भरलेली बस आमच्या पाठीशीं हळूहळू आणली. बसमधील उतारूंस घरीं पोंचण्यास त्या रात्रीं उशीर झाला असेल, त्याचें पाप आमच्या माथीं आहे.

मीटरवरील अंधार हा केवळ मीटरवरील अंधार नसतो, हें त्या रात्रीं प्रथम कळलें. पुष्कळशा जुन्या गाड्यांत मीटरचे दिवे आणि मागील तांबडे दिवे एकाच स्विचवर आणि बहुधा एकाच फ्यूजवर असतात. आपणांस गाडींत बसून मागील दिवा दिसत नाहीं. दिसतो तो मीटरचा. तो गेला तर त्याचे सोबतीही गेले असण्याचा संभव मोठा. अशा वेळीं गाडी रस्त्याच्या कडेस घेऊन, खालीं उतरून, मागें जाऊन पाहावें. हें एक पाऊल आम्हीं घाटांत उचललें असतें तर इतका अनर्थ ओढवण्याची वेळच आली नसती.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाबरोबर पुतण्यानें गाडी विकण्याचा विषय काढला. भंगारवाला काय देईल याचा आंकडाही त्याच्याजवळ तयार होता. दादा गप्प. आम्ही, नेहमींप्रमाणें, मध्यम मार्गावर. तेव्हां वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून म्हणाल्या, “समई फडफडली तर वात पाहायची, तेल पाहायचें, काजळी झाडायची. कोणी समई मोडींत घालतें का? आणि भाऊजी, तुम्ही इतके लिहितां, पण तुम्हीं एक गोष्ट पाहिली नाहीं. दिवे अगदीं जाण्याआधीं कित्येक दिवस असें होत होतें कीं वळायची खूण करणारा दिवा लुकलुकला कीं मीटर त्याच तालावर मिणमिणायचें. आणि संध्याकाळीं दिवे लावले कीं पेट्रोलचा कांटा जागचा हलायचा. पेट्रोल काय दिवे पितात?”

हें ऐकून पुतण्यानें चहाचा कप खालीं ठेवला. तो इंजिनियर आहे. पण हें त्यानें पाहिलें नव्हतें, कारण चालविणाऱ्याचे डोळे रस्त्यावर असतात. वहिनींच्या त्या दोन वाक्यांत अर्धें निदान झालें होतें. कसें तें आतां सांगतों.

दिव्यांच्या रोगांत पहिला प्रश्न ‘काय जळालें’ हा नव्हे. ‘किती दिवे गेले, आणि कसे गेले’ हा होय. एकच दिवा गेला तर दोष त्याच्या बल्बांत किंवा होल्डरांत. खड्ड्यांतून जातांना एखादा दिवा लागतो-विझतो, तर होल्डर सैल. सगळे एकदम गेले तर सर्वांस सामाईक असलेली वस्तु पाहावी: फ्यूज, स्विच किंवा त्यांना जोडणारी वायर. आणि सगळे लागतात पण मंद लागतात, किंवा दुसरा एखादा दिवा लावला असतां मंद होतात, तर वीज येते आहे, पण परत जातांना तिची वाट अडली आहे असें समजावें. कांहीं गाड्यांत उजेड कमी-अधिक करण्याची एक फिरती कळ असते. तिच्या आंतील तारेवर गंज चढला तरी दिवे जातात. ती पांच-दहा वेळां या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरविली कीं पुष्कळदां गुण येतो. आमच्याकडे दोन रोग एकावर एक बसले होते, म्हणून घोटाळा झाला. सगळे दिवे जाणें हा फ्यूजचा रोग. त्याआधींचें मंद होणें आणि तालावर मिणमिणणें हा परतीच्या वाटेचा.

फ्यूजपासून आरंभ केला. आमच्या गाडींतील फ्यूज म्हणजे करंगळीच्या पेराएवढी चिनी मातीची कांडी, तिच्या अंगावरून गेलेली धातूची पातळ पट्टी, आणि ती दोन्ही टोकांस धरणारे पितळी चिमटे. चांदीचा कागद काढून पाहिला तर तो अर्धा जळून गेलेला, चिमटे काळे, आणि चिमट्यापासून निघणाऱ्या वायरचें आवरण बोटभर लांबीपर्यंत करपून कडक झालेलें. फ्यूज हा गाडींतील सर्वांत दुबळा दुवा मुद्दाम दुबळा ठेवलेला असतो. कोठें वायर उघडी पडून लोखंडास टेंकली तर वायर तापण्यापूर्वीं यानें वितळावें, एवढेंच त्याचें काम. त्याला जाड केलें कीं वितळण्याचा मान वायरकडे जातो, आणि वायरच्या शेजारीं गाडींत कापड, रबर आणि पेट्रोल असतें. त्या करपलेल्या बोटभर वायरकडे आम्ही बराच वेळ पाहत राहिलों. घाटांतील त्या अंधाराचे एका परीनें उपकारच मानावयाचे, कारण कागद जळून जाण्याऐवजीं टिकला असता तर पुढें काय झालें असतें?

फ्यूज पुनः बसविण्यापूर्वीं तो कां गेला होता हें शोधणें अवश्य होतें. नाहीं तर नवा फ्यूज घालून जुनेंच नाटक पुन्हा. यासाठीं मीटर बाहेर काढावें लागलें. अगोदर बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडून ठेविली, कारण मीटरच्या पाठीमागें वीज असलेल्या वायरी असतात आणि पेचकस निसटण्यास निमित्त लागत नाहीं. येथें वाचकभगिनींस आणि अंगठी घालणाऱ्या सर्वांस विनंति आहे कीं बॅटरीजवळ हात घालण्यापूर्वीं बांगड्या, पाटल्या, अंगठ्या उतरून ठेवाव्या. बारा व्होल्टांचा धक्का बसत नाहीं हें खरें. पण बॅटरीच्या दोन टोकांमध्यें सोन्याची बांगडी आडवी आली तर ती निमिषांत एवढी तापते कीं हातावर जन्माची खूण राहावी.

मीटर बाहेर आल्यावर कारण हातांत आलें. मोठ्या बल्बच्या उष्णतेनें एका होल्डरचें प्लॅस्टिक मऊ होऊन झुकलें होतें, आणि त्याची पितळी जीभ मीटरच्या पत्र्याला अधूनमधून शिवत होती. प्रत्येक स्पर्शास फ्यूजनें आपलें बलिदान करावयाचें, असा तो करार होता. आम्हीं चांदीच्या कागदानें तो मोडला. तबकडीचा पिंगट डागही त्याच बल्बच्या समोरचा. होल्डर बदलला, करपलेली वायर कापून तेवढ्याच जाडीची नवी जोडली, चिमटे घासून स्वच्छ केले, आणि मूळच्याच मापाचा आठ अँपिअरचा फ्यूज घातला. मागील दिवे लख्ख लागले. मीटरचे लागले, पण मंदच. वहिनींना समोर बसविलें. त्यांनीं वळण्याचा दिवा चालू केला, आणि मीटर पूर्ववत् तालावर मिणमिणूं लागलें. त्या हंसल्या. आम्हांस मात्र हायसें वाटलें, कारण रोग समोर येऊन उभा राहिला म्हणजे वैद्यास बरें वाटतें.

आतां या परतीच्या वाटेविषयीं. घरांतील दिव्यास दोन तारा जातात हें आपण पाहतों. मोटारींत बहुधा एकच दिसते. दुसऱ्या तारेचें काम गाडीचें लोखंडी अंगच करतें. बॅटरीचें एक टोक त्या अंगाला जोडलेलें असतें, आणि प्रत्येक दिव्यांतून गेलेली वीज पत्र्यामधून बॅटरीकडे परततें. मिस्त्री लोक याला ‘अर्थ’ म्हणतात. सोय मोठी, पण एक अट आहे: जेथें वायर पत्र्यास मिळते तेथें धातूस धातु लागली पाहिजे. मध्यें गंज, रंग किंवा कळंक आला कीं वाट अरुंद होते. दोन दिव्यांची वाट एकच असेल आणि ती अरुंद असेल, तर एक दिवा लागतांच दुसऱ्याचा वांटा घटतो. मीटरमधील खूणेचा दिवा लुकलुकला कीं बाकीचे मंद होत ते यामुळें, आणि पेट्रोलचा कांटा हलत असे तोही यामुळेंच. त्याचीही परतीची वाट तीच.

येथें एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. तापलेल्या तारेच्या बल्बचा प्रकाश विजेच्या दाबाच्या मानानें फारच झपाट्यानें उतरतो. दाब दहा टक्क्यांनीं कमी झाला तर प्रकाश दहा नव्हे, सुमारें तीस टक्क्यांनीं कमी होतो. दाब निम्म्यावर आला तर प्रकाश जेमतेम दशांश उरतो. पुतण्यानें दिवे चालू ठेवून मीटरचा पत्रा आणि बॅटरीचें ऋण टोक यांमधील दाब मोजला. तो जवळजवळ शून्य असावयास पाहिजे. भरला सव्वादोन व्होल्ट. म्हणजे बारांपैकीं बल्बच्या वांट्यास पावणेदहाच येत होते, आणि प्रकाश निम्म्यावर आला होता. दादांची दृष्टि निर्दोष ठरली.

ज्यांच्याजवळ दाब मोजण्याचें साधन नाहीं त्यांनीं खट्टू होऊं नये. हात-दोन हात साधी वायर घ्यावी; तिचें एक टोक बॅटरीच्या ऋण टोकास बांधावें, दुसरें मीटरच्या पत्र्यास टेंकवावें. दिवे एकदम उजळले तर दोष परतीच्या वाटेंत आहे हें सिद्ध झालें. आमच्या गाडींत बॅटरीचें ऋण टोक अंगास जोडलेलें आहे; कांहीं फार जुन्या विलायती गाड्यांत याच्या उलट असतें, तेव्हां आधीं पाहून घ्यावें. आम्हीं वायर टेंकविली, आणि मीटर तीर्थरूपांच्या हयातींत दिसे तसें दिसलें. कोणी कांहीं बोललें नाहीं. दादा तेवढे उठून बागेंत गेले.

खरा अपराधी म्हणजे मीटरच्या पाठीमागील एक लहान स्क्रू. त्याच्याखालीं वायरचें वाटोळें टोक, त्याच्याखालीं हिरवट कळंक, आणि त्याच्याखालीं कधीं काळीं गाडी रंगवितांना उडालेला रंग. वहिनींनीं लगेच चिंच आणली, कारण घरांतील समया आणि तांबे त्या चिंचेनेंच झळझळीत ठेवतात. पण येथें चिंच चालत नाहीं. भांडें आपण नंतर खळखळून धुतों. गाडीच्या सांध्यांत आंबट पदार्थ राहिला तर तोच पुढील वर्षीं अधिक कळंक आणील. बारीक कांचकागदानें स्क्रू, वायरचें टोक आणि खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, स्क्रू घट्ट आवळला, आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हलका हात फिरविला, म्हणजे मेढ्याची हवा पुन्हा आंत शिरावयाची नाहीं. सगळ्या कामास लागलें अर्धें मिनिट. त्या अर्ध्या मिनिटासाठीं दोन वर्षें, चार मोठे बल्ब आणि एक करपलेली वायर खर्ची पडली.

बल्ब मूळच्याच शक्तीचे घातले. पुतण्यास अजून अधिक उजेड हवा होता; आम्हीं तो होऊं दिला नाहीं. अंधारास पुरतें सरावण्यास मनुष्याच्या डोळ्यास सुमारें अर्धा तास लागतो, आणि नाकासमोर झगझगीत दिवा असेल तर तें सरावणें कधींच पुरें होत नाहीं. मीटरचा उजेड कांटा वाचण्यापुरता असावा; घाट पाहण्याचें काम त्याचें नव्हे. हल्लीं मिळणारे एलईडी बल्ब वीज कमी खातात आणि तापत नाहींत, तेव्हां मीटरच्या उजेडासाठीं ते घालण्यास हरकत नाहीं. मात्र ते उलट बसविले तर लागत नाहींत, मग ते काढून फिरवून बसवावे. चार्जिंगच्या तांबड्या दिव्याच्या जागीं मात्र ते घालूं नयेत. त्याचें कारण पुढें येईल.

येथवर येऊन आम्ही हात धुण्याच्या विचारांत होतों. वहिनी मात्र गाडींत बसून होत्या. किल्ली अर्धी फिरवून त्यांनीं विचारलें, “येथें तांबडा एकच दिवा लागतो. दुसरी कांच कशाची?”

दुसरी कांच तेलाच्या दिव्याची होती, आणि ती काळी होती.

इंजिन चालू करण्यापूर्वीं किल्ली फिरविली कीं तेलाचा आणि चार्जिंगचा असे दोन तांबडे दिवे लागले पाहिजेत, आणि इंजिन चालू होतांच ते विझले पाहिजेत. इंजिनावर एक लहान स्विच बसविलेला असतो. आंत तेलाचा दाब नसेल तेव्हां तो दिव्याची वाट पत्र्याशीं जोडून देतो आणि दिवा लागतो. दाब आला कीं वाट तोडतो. म्हणजे हा दिवा न लागणें ही शुभवार्ता. पण ती तेव्हांच, जेव्हां तो लागूं शकतो हें आपण आधीं पाहिलें असेल. बल्बच जळून गेला असेल तर तो मरेपर्यंत शुभवार्ताच सांगत राहील. आमची गाडी तेलाची कधीं तक्रार करीत नाहीं, असें कौतुक आम्ही तीन वर्षें करीत होतों. ती तक्रार करीत नव्हती, कारण तिची जीभ गेली होती.

पुतण्यानें इंजिनावरील त्या स्विचची वायर काढून इंजिनाच्या अंगास टेंकवून पाहिली. दिवा लागला असता तर स्विच बिघडला असें ठरतें. लागला नाहीं, तेव्हां बल्ब किंवा वायर. बल्बच निघाला. मग तेल मोजण्याची पट्टी बाहेर काढली, पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. तेल खालच्या खुणेच्याही खालीं होतें, पट्टीच्या टोकास लागलेलें, काळेंकुट्ट. हा दिवा तेलाचा दाब सांगतो, तेलाची पातळी नव्हे; तेव्हां दिवा ठीक असता तरी तो त्या रात्रीं लागलाच असता असें म्हणवत नाहीं. पण तीव्र वळणावर उरलेलें तेल एका बाजूस गेलें म्हणजे पंप हवा ओढतो, आणि पहिला इशारा देणारा तोच. केळघरच्या घाटांत वळणांस तोटा नाहीं. तेलावांचून फिरणारें इंजिन थोड्याच वेळांत आंतल्या आंत घासून जाम होतें, आणि घाटांत धुक्यामध्यें, मागें दिवा नसलेल्या गाडीचें इंजिन जाम होणें म्हणजे काय, हें आम्ही या पानावर लिहीत नाहीं.

चार्जिंगच्या दिव्याविषयीं थोडक्यांत. त्याचें एक टोक बॅटरीच्या बाजूस आणि दुसरें वीज निर्माण करणाऱ्या यंत्राच्या बाजूस असतें. दोहींकडचा दाब सारखा झाला कीं दिवा विझतो. तफावत राहिली कीं लागतो. चालू गाडींत तो पेटला तर प्रथम पंख्याचा पट्टा पाहावा. जुन्या गाड्यांत डायनॅमो असे. पुढच्यांत आल्टर्नेटर आला, आणि अनेक आल्टर्नेटरांस जागें होण्यासाठीं लागणारी पहिली वीज याच दिव्याच्या बल्बमधून मिळते. तो बल्ब गेला, किंवा त्याच्या जागीं नगण्य वीज वाहूं देणारा एलईडी बसविला, तर बॅटरी भरणेंच थांबूं शकतें. एका बल्बवर गाडीचें सारें चलनवलन अवलंबून असतें म्हणतात तें असें.

नव्या गाड्यांचे मालक हें वाचून हंसतील. त्यांचें मीटर भर दुपारींही उजळलेलें असतें. पण त्यांतही एक फसवणूक आहे. जुन्या गाडींत संध्याकाळीं मीटर काळें दिसलें कीं दिवे लावावयाचे राहिले हें कळत असे. हल्लीं पडदा नेहमींच उजळ असल्यामुळें पुण्या-साताऱ्याच्या हमरस्त्यावर संध्याकाळीं मागील दिवे न लावतां चाललेल्या कोऱ्या करकरीत गाड्या आम्हीं अनेकदां पाहिल्या आहेत. चालकास आपण अंधारांत आहों याची वार्ताच नसते.

सुट्या भागांची अडचण आतां वाढत जाणार हें खरें. आमचा होल्डर कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारांत मिळाला; पुण्यांत नाना पेठेंत शोधल्यास अशीच दुकानें सांपडतात. जुन्या खासगी गाडीस पंधरा वर्षांनंतर नोंदणीचें नूतनीकरण करावें लागतें आणि तें पांच वर्षांपुरतें असतें; त्या तपासणींत दिवे पाहिले जातात, तेव्हां मागील दिव्यांची हयगय तेथेंही महागांत पडते.

गाडी विकावी कीं ठेवावी हा प्रश्न घरांत अद्यापि सुटलेला नाहीं. पुतण्यानें भंगाराचा आंकडा वहीच्या मागल्या पानावर लिहून ठेवला आहे. दादांनीं ती वही पाहिली आहे असें वाटतें. दसऱ्यास मात्र सोनें वांटावयास सारीं याच गाडींतून निघालीं. किल्ली पुतण्यानें फिरविली, पण इंजिन चालू करण्यापूर्वीं तो थांबला. पुढें वांकून वहिनींनीं मीटरकडे पाहिलें.

“दोन तांबडे,” त्या म्हणाल्या. मग दादा खालीं उतरले आणि मागील दिवे पाहण्यास गाडीच्या पाठीमागें गेले.